किलोमीटर मोजले, जोड कोण मोजणार?

घरातल्या इंटरनेटच्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला की सोलापुरात पहिला तर्क ठरलेला असतो: कुठेतरी रस्ता खोदला आणि केबल तुटली. शहरात रस्ते इतक्या वेळा खोदले जातात की हा तर्क अनेकदा खराही ठरतो. पण खोदकाम कुठेच नसताना, केबल अखंड असताना दिवा लाल होतो, तेव्हा दोष शोधायचा तो तिच्या टोकाला. तिथे निळ्या किंवा हिरव्या प्लॅस्टिकचा, नखाएवढ्या रुंदीचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याला कनेक्टर म्हणतात. टीव्हीच्या मागे फिरवून बसवायची धातूची पिन, सीसीटीव्ही कॅमेऱ्याची पाव फेरा देऊन अडकवायची जोडणी, मोबाइलच्या मनोऱ्यावरचे जाडजूड जोड ही सगळी त्याच कुळातली मंडळी.

किमतीने ही वस्तू किरकोळ, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. निविदेत फायबरचे किलोमीटर असतात, उद्घाटनाच्या भाषणात किलोमीटर असतात, प्रगतीच्या तक्त्यातही किलोमीटरच असतात. जोड किती, ते कोणी बसवले, बसवल्यावर प्रत्येक ठिकाणी किती प्रकाश वाया गेला, हा रकाना क्वचितच दिसतो. प्राधान्यक्रम उलटा झाला आहे, आणि त्याची किंमत फक्त अडखळणाऱ्या चित्रपटाने चुकती होत नाही. ती दवाखान्यातही मोजावी लागते.

चादरी आणि टॉवेलांच्या या शहराला खरे तर हे वेगळे समजावून सांगायला नको. मागावर एक बीम संपून दुसरा चढवायचा असतो तेव्हा जुन्या ताण्याचे एकेक सूत नव्या सुताला जोडावे लागते. सूत कितीही चांगले असो, गाठ जाड झाली तर ती फणीत अडकते, सैल राहिली तर सुटते आणि दोष कापडावर उमटतो. म्हणून गाठ मारणाऱ्या हाताला कारखान्यात मान असतो. फायबर जोडणाऱ्या हाताला तो अजून मिळालेला नाही.

घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास सुमारे 9 मायक्रॉन असतो. भोवतीची काच धरून 125 मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे प्रकाशाची वाट केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी अरुंद. अशा दोन वाटा समोरासमोर आणून तंतोतंत भिडवायच्या, आणि तेही हाताने काढता-घालता येईल अशा रीतीने, एवढे काम त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने करायचे असते. त्याच्या पोटात झिरकोनिया नावाच्या कठीण सिरॅमिकची बारीक नळी असते. तिला फेरूल म्हणतात. काच तिच्या मधोमध बसवून टोक आरशासारखे घासून गुळगुळीत करतात. दोन फेरूल एका बाहीत समोरासमोर शिरले की काचेला काच टेकते.

प्रकार बरेच आहेत, पण गोंधळून जाण्याइतके नाहीत. घरात येतो तो बहुतेक एससी: चौकोनी, ढकलला की टक् आवाज करून बसणारा, मूळचा जपानच्या एनटीटी कंपनीचा. त्याचा फेरूल 2.5 मिलिमीटरचा. एलसी त्याच्या निम्म्या मापाचा, 1.25 मिलिमीटरचा, एकाच्या जागेत दोन बसतात म्हणून एक्स्चेंजमध्ये आणि सर्व्हर खोल्यांत तोच दिसतो. एफसीला आटे असतात, त्यामुळे हादरे बसणाऱ्या ठिकाणी तो सुटत नाही. एसटी पाव फेरा देऊन अडकतो. जुन्या कार्यालयांत अजून भेटतो. एमपीओमध्ये एकाच चपट्या टोकात 12 किंवा त्याहून अधिक तंतू ओळीने बसतात.

नावांपेक्षा रंग महत्त्वाचा. निळ्या एससीचे टोक जवळपास सरळ घासलेले असते, हिरव्याचे 8 अंश तिरपे. तिरपे अशासाठी, की टोकावरून परतणारा थोडासा प्रकाश आल्या वाटेने मागे न जाता बाजूला फेकला जावा. केबल टीव्हीचे चित्र प्रकाशातून पाठवतात तिथे हा परतीचा प्रकाश फार त्रास देतो, म्हणून तिथे हिरवा. आता गंमत अशी, की हिरवा एससी निळ्याच्या खोबणीत बसतो. टक् असा आवाजही येतो. बसवणाऱ्याला वाटते काम झाले. आत मात्र सरळ टोकासमोर तिरपे टोक उभे असते, मधे हवेची फट राहते आणि बराच प्रकाश तिथेच सांडतो. बनवणाऱ्यांनी दोन्हींचा आकारच वेगळा ठेवायला हवा होता असे वाटते खरे, पण आता जगभर तेच रूढ आहे.

त्याहून मोठा शत्रू धूळ. 9 मायक्रॉनच्या दारासमोर तेवढाच एक कण बसला तर दार बंद. आणि कण नुसता आडवा येत नाही; दोन फेरूल एकमेकांवर दाबले गेले की तो काचेत रुततो, ओरखडा पाडतो, मग पुसूनही भागत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर जातो, कोरडा वारा सुटतो. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आणि यंत्रमागांच्या पेठांत हवेत कापसाची तूस तरंगत असते. अशा ठिकाणी टोपण काढून ठेवलेला कनेक्टर काही मिनिटांतच मळतो. तो शर्टाच्या बाहीला पुसून डब्यात खुपसण्याची पद्धत सर्रास आहे. बाहीवरचे तेल आणि धागा दोन्ही काचेवर चढतात. योग्य पद्धत अवघ्या मिनिटाची आहे: हातात मावणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने टोक पाहायचे, कोरड्या फितीच्या पेनाने पुसायचे, पुन्हा पाहायचे, मगच जोडायचे. सूक्ष्मदर्शक थेट डोळा लावण्याचा असेल तर दुसऱ्या टोकाचा प्रकाश आधी बंद हवा.

याचा हिशेब अगदी साधा आहे. प्रकाशातली घट डेसिबलमध्ये मोजतात. 3 डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा. घरोघरी फायबर नेणाऱ्या रूढ पद्धतीत एक्स्चेंज ते घर मिळून साधारण 28 डेसिबल घट चालते. एका तंतूचे 32 घरांत वाटप करणारा स्प्लिटर त्यातले सुमारे 17 एकटाच खातो. 20 किलोमीटर फायबर आणखी 7 खातो. उरले 4. या चारात वाटेवरचे सगळे जोड बसवायचे, पुढे दहा वर्षांत होणाऱ्या दुरुस्त्याही बसवायच्या. काच वितळवून केलेला कायमचा जोड 0.1 डेसिबलच्या आत राहतो, चांगला कनेक्टर 0.2 ते 0.5 घेतो. मळका कनेक्टर सहज 2 घेऊ शकतो, म्हणजे तेवढ्या एका ठिकाणी 6 ते 10 किलोमीटर फायबरइतका प्रकाश संपतो. घरी आलेला तंत्रज्ञ फोनवर “पॉवर किती येते?” असे विचारतो तो याच शिलकीबद्दल. आकडा उणे 27 च्या खाली घसरला की डबा आंधळा होऊ लागतो.

एका सैल कनेक्टरने काय होऊ शकते याचा सर्वांत गाजलेला दाखला इटलीतला आहे. सप्टेंबर 2011 मध्ये ऑपेरा या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की स्वित्झर्लंडमधील सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो कण 730 किलोमीटरवरच्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी पोहोचले. आइन्स्टाइन चुकला की काय, अशी चर्चा जगभर रंगली. फेब्रुवारी 2012 मध्ये कारण सापडले. उपग्रहावरून आलेली वेळ जमिनीखालच्या उपकरणापर्यंत नेणाऱ्या फायबरचा कनेक्टर पुरता आवळलेला नव्हता. त्यामुळे प्रकाश कमी पोहोचत होता. कमी प्रकाशावर ग्राहकाला “खूण आली” असे ठरवायला जास्त वेळ लागत होता, आणि घड्याळाची खूण सत्तरहून अधिक नॅनोसेकंद उशिरा धरली जात होती. घड्याळाचा दुसरा एक छोटा दोष उलट्या दिशेचा निघाला. दोन्ही दुरुस्त केल्यावर कण प्रकाशाच्या मर्यादेत आले. यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की फायबर बंद पडला नव्हता. तो चालत होता, फक्त खोटे सांगत होता. पूर्ण तुटलेली तार लगेच सापडते. अर्धवट जोडलेली महिनोन्‌महिने फसवते.

तांब्याच्या तारेची, म्हणजे कोॲक्सिअल केबलची तऱ्हा थोडी वेगळी. मधे एक तार, तिच्याभोवती पांढरे फेसाळ प्लॅस्टिक, त्यावर धातूची जाळी, वर काळे आवरण. रेडिओ लहर तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून धावते. दोहोंच्या व्यासांचे प्रमाण आणि मधला पदार्थ यांवरून केबलचा इम्पीडन्स ठरतो: टीव्हीसाठी 75 ओहम, मनोरे, वायरलेस संच आणि प्रयोगशाळांसाठी 50. जोडाच्या जागी हे प्रमाण बिघडले की लहरीचा काही भाग मागे फिरतो. जाड दोराला पातळ दोरी बांधून हिसका दिला, तर गाठीपाशी लाट अडखळून थोडी परत येते, तसेच. 50 च्या केबलला 75 ची केबल जोडली तर 4 टक्के शक्ती परतते. चार टक्के ऐकायला किरकोळ, पण वाटेत असे दोन-तीन जोड असले की त्या परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळतात. पूर्वी टीव्हीवर चित्राशेजारी चित्राची सावली दिसे ती अशाच कारणाने. आता चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठते.

केबल टीव्हीची पिन म्हणजे एफ कनेक्टर. तो स्वस्त पडतो याचे कारण त्याला स्वतःची पिनच नसते, केबलची मधली तार पुढे काढून तीच पिन म्हणून वापरतात. म्हणूनच केबल सोलताना तार वाकली किंवा जाळीचा एखादा केस तिला टेकला, की सगळे मुसळ केरात. बीएनसी हा कॅमेऱ्यांचा आणि ऑसिलोस्कोपचा. त्याच्या नावाची अनेक फोड करून सांगितली जाते. खरी अशी, की बी अडकवण्याच्या बायोनेट पद्धतीचा, एन बेल लॅब्जच्या पॉल नील यांचा आणि सी ॲम्फेनॉलच्या कार्ल कॉन्सेलमन यांचा. नील यांच्याच नावाचा एन कनेक्टर जाड, आटे असलेला आणि पावसापाण्याला दाद न देणारा आहे. त्यातही 50 आणि 75 ओहमचे दोन अवतार असून 50 ची जाड पिन 75 च्या बारीक भोकात रेटली तर ते भोक कायमचे फाकते. एसएमए सर्वांत नाजूक: वायफाय, जीपीएस आणि मोजमापाच्या यंत्रांत 18 गिगाहर्ट्‌झपर्यंत चालणारा, पक्कडीने आवळला की हमखास बिघडणारा.

मोबाइल मनोऱ्यांवर 7/16 किंवा 4.3-10 हे दणकट प्रकार असतात. त्यांच्यातला दोष मोठा फसवा. जोड सैल किंवा गंजलेला असेल तर त्यातून जाणाऱ्या दोन वेगळ्या लहरी तिथेच मिसळून तिसरीच लहर तयार करतात, आणि ती नेमकी फोनचा आवाज ऐकण्याच्या पट्ट्यात पडली तर मनोरा आपल्याच गोंगाटाने बहिरा होतो. फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, पण बोलणे तुटते. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी उतरतात. तेव्हा हरवलेल्या माणसाचा फोन लागणे किंवा रुग्णवाहिकेला ठिकाण सांगता येणे हे मनोऱ्याच्या क्षमतेइतकेच त्या जोडांवर अवलंबून असते. ते ठरावीक ताकदीने आवळायचा खास पाना मिळतो. तो पिशवीत आहे की नाही हे वारीआधी तपासायला फार खर्च येत नाही.

रुग्णालयात हेच जोड माणसाच्या अंगाजवळ येतात. उष्ण, कोरड्या हवेत घाम जास्त जातो, पाणी कमी पडते आणि मुतखड्याचा त्रास वाढतो, हे सोलापूरकरांना नवे नाही. दुर्बिणीतून होल्मियम लेसरने खडा फोडतात तेव्हा लेसरचा प्रकाश केसाच्या काही पट जाड अशा काचतंतूतून आत जातो. त्या तंतूचे यंत्राकडचे टोक बहुधा एसएमए 905 असते. रेडिओच्या एसएमएचेच आटे घेऊन घडवलेला हा फायबरचा भाऊ आहे. इंटरनेटच्या फायबरमधून मिलिवॉटमध्ये मोजायची शक्ती जाते. इथे ती कित्येक वॉट असते. टोकावर धुळीचा कण किंवा बोटाचा ठसा असेल तर तो प्रकाश अडवून थांबत नाही, जळतो. काच काळी पडते, कधी यंत्रातली संरक्षक भिंगही खराब होते, आणि रुग्ण भुलीखाली असताना यंत्र बंद पडते. असा तंतू निर्जंतुक करून पुन्हा वापरतात तिथे ही शक्यता वाढते.

पोटाच्या दुर्बिणीला उजेड पुरवणारी केबल म्हणजे हजारो काचतंतूंची जुडी. ती घट्ट गुंडाळली, टेबलावरून पडली की आतले तंतू एकेक करून तुटतात. केबल चालूच राहते, फक्त आतले चित्र दिवसेंदिवस मंद होते आणि सर्जन प्रकाश वाढवायला सांगत राहतात. तपासणी फुकट आहे: दिव्यापासून सुटी केलेल्या केबलचे एक टोक खोलीतल्या साध्या उजेडाकडे धरून दुसरे पाहायचे. काळे ठिपके म्हणजे तुटलेले तंतू. ते साधारण पाव भागाहून जास्त दिसले की केबल बदलावी. चालू दिव्याला जोडलेले टोक मात्र रुग्णाच्या अंगावरच्या चादरीवर ठेवू नये. कापड जळू शकते. एमआरआयमध्ये 1.5 टेस्लाच्या यंत्राला सुमारे 64 मेगाहर्ट्‌झची रेडिओ लहर लागते. अंगावर ठेवलेल्या कॉइलची केबल वेटोळे होऊन त्वचेला टेकली तर चटका बसतो, म्हणून तंत्रज्ञ ती सरळ ठेवून मधे गादी घालतात. त्या खोलीत नाडी आणि प्राणवायू मोजणाऱ्या तारा अनेकदा काचेच्या असतात त्याचे कारणही हेच.

आता यावर एक नेहमीचा आक्षेप आहे: सगळे वायरलेस होणार असताना तारांच्या टोकांचा एवढा घोळ कशाला? वायरलेस असतो तो फोन आणि मनोरा यांच्यातला टप्पा. मनोऱ्यापासून पुढे पुन्हा फायबर, आणि मनोऱ्यावर पुन्हा कोॲक्सिअल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी पकडतात. त्या लहरीही मध्यवर्ती इमारतीपर्यंत येतात त्या फायबरनेच.

प्रश्न उरतो तो कंत्राटाचा. गावोगावी फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने तिच्या सुधारित आराखड्याला सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यात देखभालीला स्वतंत्र स्थान आहे, ही चांगली गोष्ट. ग्रामपंचायतीत डबा लागला आणि फोटो निघाला की काम पूर्ण, ही समजूत मात्र बदलायला हवी. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या टोकाच्या गावातल्या आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलायचे असेल तर आठवड्यातून दोनदा लाल होणारा दिवा उपयोगाचा नाही. प्रत्येक जोडाची घट लिहिलेला कागद आणि जोडण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकातून घेतलेले टोकाचे छायाचित्र मिळाल्याशिवाय शेवटचे बिल निघू नये, एवढी एक अट निविदेत घातली तरी कामाची रीत बदलेल. महापालिका असो, जिल्हा परिषद असो की खासगी रुग्णालय, ही अट सगळ्यांना घालता येते.

आणि हे काम करणारा माणूस? तो बहुधा केबल टीव्हीच्या दिवसांत शिडी घेऊन फिरणारा, पाहून-पाहून शिकलेला मुलगा असतो. त्याला दिवसाला किती जोडण्या केल्या यावर पैसे मिळतात. टोक पुसण्याच्या मिनिटाचे मिळत नाहीत. मग तो ते मिनिट वाचवणारच. आयटीआयमधून काही आठवड्यांचा प्रत्यक्ष सरावाचा अभ्यासक्रम आणि त्यावर आधारलेला दर मिळाला, तर तोच मुलगा नीट काम करेल. त्याच्या आरोग्याचाही हिशेब कोणी ठेवत नाही. फायबर कापताना उडणारे काचेचे तुकडे डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ते बोटात घुसतात, कपड्यावर चिकटून घरी जातात, तिथेच बसून डबा खाल्ला तर पोटातही जाऊ शकतात. फायबरमधला कामाचा प्रकाश अदृश्य असतो, त्यामुळे टोकात डोळा लावून “उजेड येतो का” पाहणाऱ्याची पापणी मिटतच नाही. घरच्या जोडणीत ही शक्ती थोडी असते, पण केबल टीव्हीच्या वर्धकाजवळ डोळ्याला इजा करण्याइतकी असू शकते. तुकडे दिसावेत म्हणून अंथरायची काळी चटई, ते टाकायला झाकणाची बाटली, एक चष्मा आणि टोक पाहायला पडद्याचा सूक्ष्मदर्शक: फायबर जोडणाऱ्या प्रत्येक पिशवीत एवढे सामान असावे, आणि ते कंत्राटदाराने द्यावे, मुलाने स्वतःच्या खिशातून घेऊ नये.